रणांगणावर चालतो, गावात चालत नाही

11 सप्टेंबर 1942. अमेरिकन नौदलाची 'सीड्रॅगन' ही पाणबुडी दक्षिण चिनी समुद्रात जपानी जहाजांच्या मागावर होती. डॅरेल रेक्टर नावाच्या तरुण खलाशाच्या पोटात असह्य दुखू लागलं. लक्षणं सरळसरळ अपेंडिक्सची. पाणबुडीवर डॉक्टर नव्हता आणि जवळ उतरावं असं बंदरही नव्हतं. होता तो व्हीलर लाइप्स नावाचा वैद्यकीय सहायक. नौदलाच्या रुग्णालयात काम करताना त्याने अपेंडिक्सची ऑपरेशनं जवळून पाहिली होती, स्वतः एकही केलं नव्हतं. कप्तानाने हुकूम दिला, रेक्टरनेही मान डोलावली.

पाणबुडी 120 फूट खाली नेऊन स्थिर ठेवण्यात आली. अधिकारी ज्या टेबलावर जेवत, तेच ऑपरेशनचं टेबल झालं. जखम उघडी धरायला रिट्रॅक्टर नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातले चमचे वाकवून घेतले. चहाच्या गाळणीचा मुखवटा करून त्यातून ईथर दिला. पाणतीरांसाठी ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये हत्यारं निर्जंतुक केली. स्कॅल्पेलचं पातं होतं, मूठ नव्हती. ते पातं चिमट्यात धरून लाइप्सने पोटावर छेद घेतला. सुमारे अडीच तासांनी अपेंडिक्स बाहेर निघालं. दोन आठवड्यांच्या आत रेक्टर पुन्हा कामावर उभा होता. ही हकिगत जगापुढे आणणाऱ्या जॉर्ज वेलर या पत्रकाराला 1943 साली पुलित्झर पारितोषिक मिळालं.

याच लाइप्सने गणवेश उतरवून एखाद्या शहरात कुणाचं पोट उघडलं असतं, तर तो गुन्हा ठरला असता, आणि ते योग्यच झालं असतं. एका ऑपरेशनने कुणी सर्जन होत नाही. पण त्याच शहरात त्याला साधं इंजेक्शन द्यायलाही कुणी ठेवलं नसतं, कारण त्याच्याकडे नागरी परवाना नव्हता. ही दुसरी गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. 'सगळं येतं' आणि 'काहीच येत नाही' या दोन टोकांच्या मध्ये त्याची जी खरी जागा होती, ती नागरी वैद्यकव्यवस्थेत आखलेलीच नव्हती. ती आखण्याचे प्रयत्न कसे झाले, कुठे जमले आणि कुठे फसले, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

सुई तीच, हुद्दा वेगळा

आजच्या अमेरिकन लष्करातल्या मेडिकचं, म्हणजे वैद्यकीय सहायकाचं, प्रशिक्षण टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराजवळ, फोर्ट सॅम ह्यूस्टन इथे होतं. साधारण 16 आठवड्यांचा हा अभ्यासक्रम. त्याच्या पहिल्या टप्प्यात नागरी रुग्णवाहिकेवरच्या प्राथमिक दर्जाच्या तंत्रज्ञाचं, म्हणजे 'ईएमटी'चं शिक्षण असतं आणि त्याची राष्ट्रीय परीक्षा तिथेच द्यावी लागते. पुढच्या टप्प्यात रणांगणावरचं वैद्यक सुरू होतं.

त्यातलं एकच कौशल्य जवळून पाहू. छातीत गोळी किंवा स्फोटाचा तुकडा शिरला की फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा शिरते आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. प्रत्येक श्वासागणिक दाब वाढतो, फुप्फुस चेपतं, मग हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरा दबतात. जखमी काही मिनिटांत दगावू शकतो. मेडिक बरगड्या बोटांनी मोजतो, ठरलेल्या जागी बरगडीच्या वरच्या कडेला लागून तीन इंचांहून लांब, जाड सुई आत घालतो. वरच्याच कडेला, कारण खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि नस जातात. हवा फुसकन बाहेर पडते, श्वास सुटतो. हे सगळं धुळीत, अंधारात, कधी गोळीबार चालू असताना. बरगड्या मोजताना चूक झाली तर ती सुधारायला शेजारी कुणी वरिष्ठ नसतो.

हा मेडिक सैन्यातून बाहेर पडून आपल्या गावच्या रुग्णवाहिकेवर लागला, तर त्याच्या हातात ईएमटीचं प्रमाणपत्र असतं. ईएमटीला छातीत सुई घालायची मुभा नाही. ती पुढच्या पायरीवरच्या पॅरामेडिकला असते आणि पॅरामेडिक व्हायचं तर हजाराहून अधिक तासांचा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. म्हणजे काल ज्या हाताने जीव वाचवला, त्याच हाताने आज ऑक्सिजनचा मास्क लावायचा आणि मोडलेल्या हाडाला फळी बांधायची. पगारही त्याच पायरीचा. शिवाय परवाना देणं हे अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं काम. एका राज्यात चाललेला कागद शेजारच्या राज्यात पुन्हा तपासला जातो.

यातली विसंगती आणखी टोचते, कारण रणांगणावरचं ज्ञान मात्र नागरी जगात कसलाही परवाना न मागता आलं. 1996 साली नौदलाचे डॉक्टर फ्रँक बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धभूमीवरच्या उपचारांची नवी मांडणी केली. व्हिएतनामच्या युद्धात टाळता आले असते अशा मृत्यूंचा मोठा वाटा हातापायांतून वाहून गेलेल्या रक्ताचा होता, म्हणून आवळपट्टा, म्हणजे टुर्निकेट, पुन्हा मध्यभागी आला. नागरी वैद्यकात तोवर त्याच्याकडे संशयानेच पाहत. इराक आणि अफगाणिस्तानातल्या अनुभवानंतर तो अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला आणि शाळांच्या भिंतीवरच्या पेटीत पोचला. 2015 मध्ये सामान्य नागरिकांना रक्तस्राव थांबवायला शिकवणारी 'स्टॉप द ब्लीड' ही मोहीम व्हाइट हाउसमधून सुरू झाली. पट्टा घरोघरी आला. तो बांधण्यात मुरलेला माणूस दारातच ताटकळत राहिला.

अडवणारे सगळेच खडूस नसतात

माजी सैनिकांच्या बाजूने बोलताना परवाना मंडळांना कारकुनी डोक्याची ठरवणं सोपं असतं. पण त्यांच्या शंकेत तथ्य आहे.

लष्करी मेडिकचा रुग्ण साधारणपणे विशी-तिशीतला, भरतीच्या वेळी तपासून घेतलेला, धडधाकट माणूस असतो. त्याला होतं ते अचानक होतं: गोळी, स्फोट, अपघात, उष्माघात. नागरी रुग्णवाहिका बोलावतात ती बाथरूममध्ये घसरून खुबा मोडलेल्या आजीसाठी, साखर खाली गेल्याने घामाघूम झालेल्या मधुमेह्यासाठी, दम्याने निळ्या पडलेल्या पोरासाठी, अर्ध्या वाटेत बाळंत होणाऱ्या बाईसाठी. या आजीला आठ गोळ्या चालू असतात आणि त्यांतली रक्त पातळ करणारी कोणती, हे कळल्याशिवाय तिच्या डोक्याच्या टेंगळाचा अर्थ लागत नाही. रणांगणाने मेडिकला हे शिकवलेलं नसतं, शिकवायचं कारणही नव्हतं.

दुसरी अडचण कागदाची. 'मला हे येतं' याला पुरावा काय? अमेरिकन सैनिक बाहेर पडताना त्याच्या हातात सेवेचा दाखला असतो, त्यात हुद्दा आणि अभ्यासक्रमांची नावं असतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था दुसऱ्या महायुद्धापासून लष्करी प्रशिक्षणाचं मोल महाविद्यालयीन श्रेयांकांत मांडत आली आहे आणि आज एकत्रित गुणपत्रकही मिळतं. तरी ते श्रेयांक स्वीकारायचे की नाही, हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवतं. अनेकदा ते 'इतर विषय' या रकान्यात टाकले जातात. मग मानवी शरीररचनेचा विषय त्याला पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकावा लागतो.

म्हणून दोन्ही टोकांचे उपाय फसतात. अनुभव आहे म्हणून परीक्षाच माफ केली, तर आजीचा जीव धोक्यात. अनुभव शून्य धरला, तर ज्याला निम्मं येतं त्यालाही चार वर्षं आणि हजारो डॉलर घालायला लावायचे. मधला रस्ता म्हणजे काय येतं ते मोजायचं, उरलेलं तेवढंच शिकवायचं आणि पुढे त्याने कुठे उभं राहायचं, ती जागा आधी तयार ठेवायची. हा रस्ता पहिल्यांदा नीट सापडला तो 1960 च्या दशकात, उत्तर कॅरोलायनातल्या एका हट्टी प्राध्यापकाला.

ड्यूकचे चार कोअरमन

डॉ. युजीन स्टेड हे ड्यूक विद्यापीठात वैद्यकविभागाचे प्रमुख. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टरांची टंचाई असताना वैद्यकीय शिक्षण आखडून तीन वर्षांत कसं बसवलं, हे त्यांनी अनुभवलं होतं. त्यामुळे वैद्यक शिकायला किती वर्षं लागतात, याबद्दलचा प्रस्थापित हिशेब त्यांना पवित्र वाटत नव्हता.

त्यांच्या नजरेसमोर एक उदाहरणही होतं. उत्तर कॅरोलायनातल्या गार्लंड या छोट्या गावात डॉ. एमॉस जॉन्सन दवाखाना चालवत. त्यांच्या हाताखाली हेन्री ली ट्रेडवेल, सगळ्यांचा 'बडी', कसलंही औपचारिक शिक्षण नसताना जॉन्सनांकडूनच तयार झाला होता. डॉक्टर संघटनेच्या कामासाठी गावाबाहेर गेले, तरी दवाखाना बंद पडत नसे. स्टेड यांना दिसलं ते असं की, अनुभवी डॉक्टर ज्याच्यावर विश्वास टाकतो, असा चांगला तयार केलेला सहायक गावाची मोठी गरज भागवू शकतो.

स्टेड यांनी आधी परिचारिकांकडे पाहिलं. थेल्मा इंगल्स या परिचारिका-शिक्षिकेबरोबर त्यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात अनुभवी परिचारिकांसाठी उच्च दर्जाचा अभ्यासक्रम आखला. नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता नाकारली. त्यात डॉक्टरांचं शिकवणं फार होतं, असा आक्षेप होता. परिचारिकांचा व्यवसाय त्या काळात डॉक्टरांच्या सावलीतून बाहेर पडू पाहत होता, त्यामुळे या नकारालाही अर्थ होता. पण स्टेड यांना दुसरीकडे वळावं लागलं.

दुसरीकडे म्हणजे नौदलाकडे. नौदलातल्या वैद्यकीय सहायकाला 'कोअरमन' म्हणतात. डॉक्टर नसलेल्या जहाजांवर आणि पाणबुड्यांवर एकट्याने जबाबदारी घेणारे कोअरमन असत. लाइप्स त्यांचाच पूर्वसूरी. अशा माणसांना डॉक्टरांचे सहायक म्हणून घ्यावं, ही कल्पना क्लीव्हलंडच्या डॉ. चार्ल्स हडसन यांनी 1961 मध्येच मांडली होती. 1965 च्या ऑक्टोबरमध्ये ड्यूकमध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थी चार, चौघेही नौदलातून बाहेर पडलेले कोअरमन. 6 ऑक्टोबर 1967 रोजी त्यांतले तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. 'फिजिशियन असिस्टंट' हा व्यवसाय तिथे जन्माला आला. स्टेड यांचा वाढदिवसही 6 ऑक्टोबरचाच.

स्टेड यांनी कोअरमनला डॉक्टरही केलं नाही आणि नर्सही. त्यांनी दोघांच्या मध्ये एक नवी पायरी बांधली. तिची व्याख्या सोपी होती: डॉक्टर जे काम सोपवेल आणि ज्याची जबाबदारी स्वतः घेईल, ते काम. त्यामुळे 'याला स्वतंत्र परवाना कशाच्या जोरावर?' हा प्रश्न सुरुवातीला उभाच राहिला नाही. हे कायद्यात बसतं का, हेही वेळीच विचारून घेतलं गेलं. डॉक्टरने आपल्या देखरेखीत काम सोपवायला प्रचलित कायद्याची आडकाठी नाही, असं मत उत्तर कॅरोलायनाच्या ॲटर्नी जनरलने दिलं. पुढे 1971 मध्ये राज्याने त्याला कायद्याचंच रूप दिलं.

तरी वाट गुळगुळीत नव्हती. 1966 साली 'लुक' या मासिकात या नव्या व्यवसायावर लेख आला. परिचारिकेपेक्षा वर, डॉक्टरपेक्षा खाली, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. कार्यक्रमाची देशभर जाहिरात झाली, पण परिचारिका दुखावल्या. वर्षानुवर्षं रुग्णांजवळ उभ्या असलेल्या बायकांच्या डोक्यावरून दोन वर्षांत पुरुष फौजी पुढे काढले जात आहेत, अशी ती भावना होती. शिडीत नवी पायरी घातली की आधीपासून शिडीवर असलेल्यांचा तोल हलतो. माजी सैनिकांसाठीच्या योजना आखणारे हे आजही विसरतात.

आधी जागा, मग माणूस

नव्या पायरीसाठी आधी जागा तयार करावी लागते, हे सगळ्यात नीट ओळखलं ते डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी. परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारच्या 'पीस कोअर'मध्ये डॉक्टर म्हणून त्यांनी नायजेरियात काम केलं होतं. परतल्यावर सरकारी सेवेत असताना अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णालयांमधला वर्णभेद मोडण्याच्या कामात ते होते. त्या कामातून त्यांच्या ध्यानात एक गोष्ट पक्की बसली असावी: व्यवस्था आतून तयार नसेल, तर बाहेरून आणलेला माणूस कितीही गुणी असो, तो तिथे टिकत नाही.

1969 मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी 'मेडेक्स' हा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीत 15 जण, सगळे लष्करातून आलेले. तीन महिने विद्यापीठात शिक्षण आणि मग वर्षभर एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. पण माणसं निवडण्याच्या आधी स्मिथ यांनी जमिनीची मशागत केली. राज्याच्या डॉक्टर संघटनेला बरोबर घेतलं. ज्या ग्रामीण भागात डॉक्टर कामाखाली दबले होते, तिथल्या डॉक्टरांशी बोलणी केली. कायद्यात बदल लागणार होता, त्याची तयारी केली. अशी स्वागताची चौकट उभी राहिल्यावर मगच विद्यार्थी आणले. प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवणारा डॉक्टर ठरलेला आणि शिक्षण संपल्यावर बहुधा त्याच्याचकडे नोकरी.

यात माजी सैनिकाचा एक मोठा त्रास आपोआप टळला. एरवी तो आधी शिकतो, मग परीक्षा देतो, मग परवान्यासाठी खेटे घालतो आणि शेवटी नोकरी शोधतो. कुठल्याही टप्प्यावर अडकला की आधीची सगळी मेहनत लोंबकळत राहते. मेडेक्समध्ये नोकरी आधी दिसत होती आणि त्या नोकरीला जे लागतं तेवढंच शिक्षण मागून येत होतं. पोटापाण्याची चिंता असलेल्या, बायकोमुलं असलेल्या माणसाला हा क्रम परवडतो.

या दोन प्रयोगांनंतर व्यवसाय झपाट्याने वाढला. 1971 च्या आरोग्य मनुष्यबळ कायद्याने केंद्राचा पैसा आला. 1973 मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली आणि 1975 मध्ये प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज अमेरिकेत दीड लाखाहून अधिक फिजिशियन असिस्टंट काम करतात.

दार उघडणाऱ्यांनीच दार लावलं

आता या गोष्टीतलं सगळ्यात अवघड वळण. राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली तेव्हा ती केवळ अभ्यासक्रम केलेल्यांसाठी नव्हती. डॉक्टरच्या हाताखाली अनुभवाने तयार झालेला माणूसही तिला बसू शकत होता. बडी ट्रेडवेलसारख्याला वाट होती. 1986 मध्ये ती बंद झाली. त्यानंतर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हाच एक रस्ता उरला. मग अभ्यासक्रम पदविकेवरून पदवीवर गेले, पदवीवरून पदव्युत्तर पदवीवर गेले. अखेर मान्यता देणाऱ्या संस्थेने 2020 ही मुदत घालून सगळ्या अभ्यासक्रमांना पदव्युत्तर पदवी सक्तीची केली.

प्रत्येक पाऊल समजण्यासारखं होतं. व्यवसायाला मान हवा होता, विमा कंपन्यांकडून मोबदला हवा होता, औषध लिहून देण्याचा अधिकार हवा होता, आणि ते सगळं मोठ्या पदवीने सोपं होतं. पण परिणाम असा की, ज्या प्रकारच्या माणसांसाठी हा व्यवसाय निर्माण झाला, त्याच प्रकारच्या माणसाला आज त्यात थेट शिरता येत नाही. बारावीनंतर भरती झालेला, आठ वर्षं मेडिक म्हणून काम केलेला, पण पदवी नसलेला तरुण 1965 मध्ये ड्यूकच्या वर्गात बसू शकत होता. आज त्याने आधी पदवी घ्यायची, रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्राचे ठरलेले विषय पुरे करायचे आणि मग दोन-अडीच वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी स्पर्धा करायची. सरकारी मदत म्हणून मिळणारे शिक्षणाचे पैसे पदवी घेतानाच संपायची भीती असते.

कुठलाही व्यवसाय मोठा झाला की आपण चढून आलेली शिडी वर ओढून घेतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. दर्जा राखण्याच्या नावाने घेतलेल्या दहा वाजवी निर्णयांची ती बेरीज असते. म्हणून माजी सैनिकांसाठी केलेली वाट एकदा बांधून सोडून देता येत नाही. ती दर पिढीला पुन्हा मोकळी करावी लागते.

मोकळ्या केलेल्या काही वाटा

गेल्या दीड-दोन दशकांतल्या अमेरिकेतल्या प्रयत्नांकडे या नजरेने पाहिलं की कोणता का चालतो, हे कळतं.

लष्करातल्या प्रॅक्टिकल नर्सचं उदाहरण घ्या. तिचं किंवा त्याचं लष्करी प्रशिक्षणच असं आखलेलं असतं की, शेवटी नागरी नर्सिंगची राष्ट्रीय परीक्षा द्यायची. परवाना नोकरीत असतानाच हातात येतो. बाहेर पडताना भाषांतर करण्यासारखं काही उरतच नाही. लष्कराने 2001 पासून मेडिकला ईएमटीची परीक्षा सक्तीची केली, तीही याच दिशेने, फक्त एक पायरी खाली.

माजी सैनिकांच्या रुग्णालयांचं जाळं चालवणाऱ्या केंद्रीय खात्याने 2012 मध्ये दुसरी वाट काढली. माजी मेडिक आणि कोअरमन यांना आपल्याच रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत 'इंटरमीजिएट केअर टेक्निशियन' म्हणून घ्यायला सुरुवात केली. टाके घालणं, प्लॅस्टर करणं, शीर धरणं अशी त्यांना येणारी कामं त्यांना देखरेखीखाली करू दिली. केंद्राचीच रुग्णालयं असल्याने त्यांनी काय करायचं हे खात्यालाच ठरवता आलं, प्रत्येक राज्याच्या दारात जावं लागलं नाही.

व्हर्जिनिया राज्याने 2016 मध्ये कायदा करून नुकत्याच बाहेर पडलेल्या मेडिकना सहभागी रुग्णालयांत डॉक्टर किंवा परिचारिकेच्या देखरेखीखाली काम करायची मुभा दिली. परवान्यासाठीचं शिक्षण त्याच वेळी चालू ठेवायचं. यात वेळ साधली गेली, आणि ती महत्त्वाची आहे. हात चालता असेपर्यंतच कौशल्य राहतं. दोन वर्षं गोदामात खोकी उचलली की शीर शोधणारं बोट मंदावतं.

त्याच वर्षी उत्तर कॅरोलायना विद्यापीठाने चॅपल हिल इथे फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम सुरू केला, तो खास दलांच्या वैद्यकीय सार्जंटना डोळ्यांसमोर ठेवून. या सार्जंटांचं प्रशिक्षण साध्या मेडिकच्या कितीतरी पट लांब आणि खोल असतं. ड्यूकपासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर. पन्नास वर्षांनी त्याच परिसरात तीच वाट पुन्हा खणावी लागली.

आपल्याकडे

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गावोगाव पेन्शनवर आलेले फौजी आहेत आणि त्यांत आर्मी मेडिकल कोअरमधून आलेले नर्सिंग असिस्टंटही आहेत. या हुद्द्यासाठी बारावी विज्ञान लागतं, जीवशास्त्रासकट. कोअरच्या लखनौमधल्या केंद्रात त्यांचं प्रशिक्षण होतं. मग कुठे सियाचेनच्या पायथ्याशी, कुठे युनिटच्या वैद्यकीय तपासणी कक्षात, म्हणजे एमआय रूममध्ये, कुठे लष्करी रुग्णालयाच्या वॉर्डात त्यांची पंधरा-वीस वर्षं जातात. नौदलाच्या मेडिकल असिस्टंटचं शिक्षण तर मुंबईतच, कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात होतं.

पुण्याच्या एएफएमसीकडे, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे, पाहिलं की फरक लख्ख दिसतो. ते महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहे. तिथून एमबीबीएस किंवा बीएस्सी नर्सिंग करून लष्करात गेलेल्या डॉक्टरची किंवा नर्सिंग अधिकाऱ्याची पदवी नागरी विद्यापीठाची असते. निवृत्तीनंतर त्यांना आपण कोण आहोत, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. हुद्द्याने खाली असलेल्याचं तसं नाही. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत नाव यायला जीएनएम ही नर्सिंगची पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग यांसारखा मान्य अभ्यासक्रम लागतो. वॉर्डात काढलेली वर्षं त्या वहीत आपोआप उतरत नाहीत.

केंद्र सरकारच्या नोकरभरतीत माजी सैनिकांसाठी एक सवलत आहे. दहावी झालेला आणि 15 वर्षं सेवा केलेला सैनिक गट 'क'च्या पदवी मागणाऱ्या पदांसाठी पात्र धरता येतो. पण ही सवलत तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अनिवार्य असलेल्या पदांना लागू नाही. कारकुनीसाठी त्याच्या पंधरा वर्षांना पदवीचं मोल आहे. ज्या कामात ती पंधरा वर्षं गेली, त्या कामासाठी नाही. नियम करणाऱ्यांचं कारण समजतं, तरी निष्पत्ती अशी की वैद्यकीय हात असलेला फौजी बँकेच्या दारात पहारेकरी म्हणून सहज उभा राहू शकतो, वॉर्डात नाही.

मधल्या पायऱ्या आपल्याकडे मुळात कमी. महाराष्ट्रात 2014 पासून धावणाऱ्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत डॉक्टरच असतो. अमेरिकेत तीच जागा ईएमटी आणि पॅरामेडिक भरतात. फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम भारतात आला तो 1992 मध्ये, चेन्नईत, डॉ. के. एम. चेरियन यांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या विभागातून. आपल्याकडे त्याचं मूळ शस्त्रक्रियागृहात आहे, बराकीत नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने फिजिशियन असोसिएटसह अनेक व्यवसायांना पहिल्यांदा राष्ट्रीय चौकट दिली. पायऱ्या आता कागदावर आखल्या गेल्या आहेत. त्यांवर कोण चढू शकेल, याचे नियम ठरत असताना लष्करातून येणाऱ्याचा विचार झाला, तर पुढे त्याच्यासाठी वेगळी खिडकी उघडावी लागणार नाही.

ड्यूक, सिएटल, व्हर्जिनिया आणि पुणे या सगळ्यांतून निघणारा धडा तसा साधा आहे. जिथे नागरी परीक्षा लष्करी प्रशिक्षणाच्या आतच गुंफलेली आहे, तिथे अडचण जवळपास नाही. जिथे ती नाही, तिथे फरक मोजून तेवढंच शिकवणारा अभ्यासक्रम लागतो आणि त्या माणसाला हाताखाली घ्यायला राजी असलेला डॉक्टर लागतो. जिथे यांपैकी काहीच नाही, तिथे सत्कार, शाल-श्रीफळ आणि चौकशी अर्ज एवढंच उरतं. माजी सैनिकाचं पुनर्वसन त्याच्या निवृत्तीच्या महिन्यात सुरू करायची आपली सवय आहे. ते त्याच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात, अभ्यासक्रम आखणाऱ्याच्या टेबलावर सुरू व्हायला हवं.